दुर्बीण एकच पॉवरची, हरणं मात्र सगळ्या टप्प्यांवरची

गेल्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की माझ्या रायफलवर गेली बरीच वर्षं झूम नसलेला, एकाच पॉवरचा, म्हणजे फिक्स स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आहे आणि मला त्याचं काही अडलेलं नाही. त्यावरून एवढ्या ईमेल आल्या की या वेळचं सदर त्यातच जाणार. काही पत्रं छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : काका, नमस्कार. मी ४६ वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून मध्य पेनसिल्व्हेनियात राहायला आलो. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली. ऑफिसमधल्या मित्राचं शेत आहे, शेताला लागून दाट जंगल. जंगलात ३०-४० यार्डांच्या पुढे काही दिसत नाही, पण शेताच्या कडेला बसलं तर २५० यार्डांपर्यंत मोकळं. पहिल्या सीझनमध्ये तीनदा हरिण दिसलं, तिन्ही वेळा जंगलातच, आणि तिन्ही वेळा मी रायफल खांद्याला लावेपर्यंत पसार. सध्या मित्राचा उसना स्कोप आहे. दुकानदार म्हणतो ४-१६×५० घे (४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलीमीटरचं), म्हणजे जवळ-लांब दोन्हीची सोय. तुम्ही म्हणता फिक्स. मग ४, ६ की १०?

दुकानदाराला वाईट म्हणणार नाही, त्याला दुकान चालवायचंय. पण त्याने तुम्हाला लांबच्या हरणाची भीती घातली आणि तुमच्या पत्रातली तिन्ही हरणं जवळची आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का?

स्कोप घेताना जो तो सगळ्यात लांबचा बार डोळ्यासमोर आणतो. मी म्हणतो सगळ्यात जवळचा आणा. २५० यार्डांवरचं हरिण सोयाबीनमध्ये चरत असतं, त्याला तुमचा पत्ता नसतो, तुम्हाला टेकू घ्यायला, श्वास सोडायला, बायनॉक्युलरमधून शिंगं मोजायला, अगदी मनात एकदा नको म्हणायलासुद्धा वेळ असतो. ३० यार्डांवरचं हरिण झाडीतून निघतं, तुमच्याकडे बघतं आणि जातं, तिथे जो काही खेळ आहे तो दोन-तीन सेकंदांचा, आणि त्या दोन-तीन सेकंदांत स्कोपमध्ये हरिण *सापडलं* पाहिजे.

माझीच फजिती सांगतो. सुरुवातीला माझ्याकडेही ३-९×४० होता, सगळ्यांकडे असतो तसा. सकाळी शेताच्या टोकाला काहीतरी हललं म्हणून मी तो ९ वर नेला, तिथे काही नव्हतं, मग उठून जंगलातल्या पायवाटेने निघालो आणि पॉवर बदलायची रिंग परत ३ वर आणायची राहिली. ओढ्याच्या वळणावर एक बक, म्हणजे नर हरिण, २०-२५ यार्डांवर उभा. रायफल वर केली, डोळा लावला, तर आत नुसते तपकिरी केस! खांदा आहे, पोट आहे की मागचा भाग, काही कळेना, गोधडीला नाक लावून बसल्यासारखं. मी नळी डावीकडे नेतोय, उजवीकडे नेतोय, केसच केस, आणि मग एकदम झाड दिसलं, म्हणजे साहेब गेले होते. बार काढला नाही हे बरंच केलं, पण त्या संध्याकाळी मी तो स्कोप उतरवला.

तुम्ही म्हणाल की काका ही चूक तुमची, स्कोपची काय? मान्य. पण थंडीत, हातमोजे घालून, छाती धडधडत असताना जी गोष्ट विसरता येते ती माणूस विसरतोच. फिक्समध्ये विसरायला काही नाही. शिवाय आत झूमची सरकणारी भिंगं नाहीत, म्हणजे बिघडायला कमी आणि वजनही कमी. ४ पॉवरचा चांगला स्कोप ९-१० औंसांत बसतो, ते १६ पॉवरवालं धूड २० औंसांच्या वर जातं आणि ५० मिलीमीटरच्या भिंगामुळे एवढ्या उंचीवर बसवावं लागतं की गाल दस्त्यावर टेकतच नाही, हवेत तरंगतो.

आता थोडं गणित. ४ पॉवरच्या स्कोपमध्ये १०० यार्डांवर साधारण २४ फूट रुंदीचा पट्टा दिसतो, ६ मध्ये १७ फुटांच्या आसपास, १० मध्ये १०-११. अंतर कमी झालं की पट्टा त्याच हिशोबात आवळतो. तुमच्या ४० यार्डांवर ४ पॉवर म्हणजे साडेनऊ फूट, ६ पॉवर म्हणजे जेमतेम सात, १० पॉवर म्हणजे चार फूट. इथलं व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं) हरिण नाकापासून शेपटीपर्यंत पाचेक फूट धरा. ४ मध्ये हरिण आणि त्याच्या आजूबाजूची झाडी दिसते, म्हणजे ते कुठे निघालंय ते कळतं. १० मध्ये अख्खं हरिणसुद्धा मावत नाही. तेव्हा १० तुमच्यासाठी बाद, त्यावर अजून शाई घालवत नाही.

मग २५० यार्डांवर ४ पॉवर पुरेल का? ४ पॉवर म्हणजे २५० यार्डांवरचं हरिण ६२ यार्डांवर असल्यासारखं दिसतं. घराच्या मागच्या दाराशी उभे राहून ६२ यार्डांवरचा कुत्रा तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतो की नाही, त्याची मान कुठली आणि खांदा कुठला ते कळतं की नाही? झालं तर. इथल्या जुन्या लोकांनी जन्म काढलाय त्यावर. टेक्सासातल्या एल पासोची वीव्हर कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर के-४ काढून बसली आणि तो ४ पॉवरचा स्कोप अमेरिकेतल्या निम्म्या फार्महाउसमधल्या रायफलींवर चढला असेल, अजूनही जुन्या बाजारात पोलादी नळीचे के-४ मिळतात. जॅक ओ'कॉनर, आउटडोअर लाइफ मासिकाचा बंदूकवाला संपादक, ज्याच्या नादाने अर्ध्या देशाने .२७० काडतुसाची रायफल घेतली, त्याच्या नावाजलेल्या रायफलीवर डोंगरातल्या मेंढ्यांसाठीसुद्धा ४ पॉवरचाच ल्यूपोल्ड कंपनीचा स्कोप होता. आणि डोंगरातल्या मेंढ्या काही ४० यार्डांवर येऊन उभ्या राहत नाहीत.

लांबच्या बाराची खरी अडचण मोठं दिसण्याची नसतेच, गोळी किती पडते ते माहीत नसण्याची असते. तुमच्या .३०८ मध्ये १५० ग्रेनची साधी गोळी घ्या आणि १०० यार्डांवर नेमापेक्षा अडीच इंच वर लागेल असा स्कोप बसवा. मग २०० ला ती इंच-दीड इंच वर असते, २५० ला इंच-दोन इंच खाली, ३०० ला साधारण सहा इंच खाली. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा आठ इंच धरली तर २५० पर्यंत स्कोपमधली नेमाची फुली सरळ मधोमध ठेवायची, डोकं चालवायचं नाही. काडतूस बदललं की हे आकडे बदलतात, तेव्हा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन १००, २०० आणि जमलं तर २५० यार्डांवर कागदाला भोकं पाडून बघा, माझ्या शब्दावर हरिण मारू नका.

उरला उजेड. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे, आणि हरणं नेमकी त्या दोन अर्ध्या तासांत बाहेर पडतात. स्कोप हातभर लांब धरून खिडकीकडे करा, डोळ्याच्या बाजूच्या भिंगात एक उजेडाची गोल टिकली दिसेल. तिचा आकार म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर. ४×३२ ची टिकली ८ मिलीमीटर, ६×४२ ची ७, १०×४२ ची चार आणि थोडी. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलीमीटरपर्यंत उघडते, आपल्या वयाला ५-६ झाली तरी पुष्कळ. म्हणजे ४×३२ आणि ६×४२ दोघेही तुमचा डोळा पिऊ शकतो तेवढा उजेड देतात. दुकानदाराचा १६ पॉवरचा ५० मिलीमीटरवाला १६ वर नेला की टिकली तीन मिलीमीटरची होते, मग ते मोठं भिंग कसलं कामाचं? पण एक खरं सांगतो, संधिप्रकाशात उजेड सारखाच असला तरी ६×४२ मध्ये ४ पेक्षा जास्त बारकावे कळतात. एका नोव्हेंबरात मी आणि माझा शेजारी त्याच्या कोठाराच्या दारात दोन्ही स्कोप घेऊन बसलो होतो, समोर कुंपणाच्या तारेवर एक फडकं अडकलेलं. शेवटी शेवटी ४ मध्ये फडकं आहे एवढंच कळत होतं, ६ मध्ये त्याची फाटलेली कड दिसत होती. आणि पेनसिल्व्हेनियात बहुतेक भागांत बकच्या एका शिंगाला किमान तीन टोकं लागतात, तेव्हा फाटलेली कड दिसणं कामाचं आहे.

तर निकाल. कडेला बसून शेतावर नजर ठेवणारा माणूस असता तर मी डोळे मिटून ६×४२ म्हटलं असतं. तुम्ही जंगलात फिरता, तुमची हरणं जंगलात दिसतात, तुम्ही ४ घ्या, आणि उरलेल्या पैशांत बरा ८×४२ बायनॉक्युलर घ्या, शिंगं त्यातून मोजा. दोन सीझननंतर मोजदाद करा, शेतावरची हरणं जास्त भरली तर ६ वर या, ४ चा स्कोप वापरलेला असला तरी कुणीतरी घेतोच. नवे फिक्स स्कोप आता दुकानांत फार दिसत नाहीत. ल्यूपोल्डच्या एफएक्स मालिकेतले ४×३३ आणि ६×४२ जास्त करून वापरलेलेच हाती लागतात, त्यात काही वाईट नाही, फक्त भिंगावर ओरखडे आणि नळीवर, स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या रिंगा आवळल्याचे वळ बघून घ्या.

आणि दुकानात स्कोप बघताना ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे शंभर डॉलरचाही झकास दिसतो. त्यांना सांगा मला मागच्या दारातून सावलीतलं काहीतरी बघायचंय.

प्रश्न : मला ५८ पूर्ण, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. चष्म्यातून स्कोपमध्ये बघताना कधी सगळं दिसतं, कधी कडेने काळं होतं. एका मित्राला तर स्कोप भुवईवर बसला, टाके पडले. माझ्यासाठी कुठली पॉवर?

तुमच्या मित्राच्या कपाळावर जी चंद्रकोर उमटली ती इथे बऱ्याच जणांकडे आहे, काही जण तर अभिमानाने दाखवतात. स्कोप डोळ्याच्या फार जवळ बसवला, किंवा चढावर बार काढताना मान पुढे गेली, की रायफल मागे येताना तो छाप मारतो. पॉवरपेक्षा तुम्ही हे बघा की डोळा किती मागे ठेवून पूर्ण चित्र दिसतं. चार इंच मिळाले तर उत्तम, तीन म्हणजे चष्मेवाल्याने विचार करावा. फिक्स ४ आणि ६ मध्ये हे अंतर सहसा सढळ असतं, आणि झूमवाल्यांसारखं पॉवर वाढवली की कमी होत नाही.

बसवताना असं करा. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री, बोल्ट काढून बाजूला. सीझनला घालता तेच जाड जाकीट घाला, हे लोक विसरतात, टी-शर्टवर मोजमाप करतात आणि मग डिसेंबरात सगळं इंचभर सरकतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल दिसला तर स्कोप जागेवर आहे, कडेला काळं दिसलं तर पुढेमागे सरकवा. मान हलवून जुळवायचं नाही, स्कोप हलवायचा. मग रिंगांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे, रिंगवाल्याने सांगितलेल्या जोरावर आवळा, ताकद दाखवायला जाऊ नका.

फुली पुसट दिसत असेल तर मागचं भिंग फिरवून जुळवा. कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे करून सेकंदभरच बघायचं, लगेच नजर काढायची, थोडं फिरवायचं, परत बघायचं. टक लावून बसलात तर डोळाच फुलीशी जुळवून घेतो आणि तुम्हाला वाटतं की झालं. हे काम चष्मा लावूनच करा, लांबचं बघायच्या भागातून.

एक मात्र आहे, आपल्या वयाला स्कोप हे वरदान आहे. आमच्या आजोबांकडे संगमेश्वराकडे ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीची, ते साठीनंतर म्हणायचे, ‘माशी दिसली तर डुक्कर दिसत नाय, आणि डुक्कर दिसला तर माशी.’ माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण. स्कोपमध्ये फुली आणि सावज एकाच पातळीवर दिसतात, म्हातारा डोळा धावपळ करत नाही. पॉवर विचारलीत तर ६.

प्रश्न : आम्ही कोलोरॅडोत आहोत, पुढच्या वर्षी वायोमिंगला प्राँगहॉर्नसाठी (माळरानावरचा हरणासारखा प्राणी) शिकारीच्या टॅगचा, म्हणजे परवान्याचा, अर्ज टाकतोय. मोकळं माळरान आहे. इथे तरी फिक्स १० चालेल ना?

चालेल, पण मला विचाराल तर ६. माळरानावर अडचण उन्हाची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी जमीन तापते आणि स्कोपमध्ये हरिण पाण्याखाली असल्यासारखं हलतं. पॉवर जितकी जास्त तितकं ते हलणं जास्त. तुमच्या हाताची थरथर पण १० मध्ये दसपट दिसते, मग माणूस फुली स्थिर होण्याची वाट बघत बसतो आणि शेवटी वैतागून चाप ओढतो, तिथे बार वाकडा. आडवं पडून बायपॉडवरच (रायफलीच्या दोन पायांच्या टेकूवर) बार काढणार असाल, कोपरं जमिनीवर, तर १० घ्या, पण प्राँगहॉर्न कधी कधी उंचवट्याच्या पलीकडून अचानक ८० यार्डांवर निघतात आणि मग पळत्या कळपातला नेमका हवा तो शोधायला आठ-साडेआठ फूट रुंदीचा पट्टा पुरत नाही.

आणि कृपा करून स्कोपमधून माळरान न्याहाळू नका. लांबचा ठिपका हरिण आहे की दुसरा शिकारी, हे बघायला रायफल त्याच्यावर रोखायची? त्यासाठी बायनॉक्युलर. मी स्वतः एकदा समोरच्या टेकडीवरून माझ्यावर रोखलेल्या स्कोपच्या काचेची चमक बघितलीय, पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

जर्मनीतले लोक ८×५६ फिक्स वापरतात त्याबद्दलही याच पत्रात विचारलंय. ते लोक आपल्या मचाणासारख्या उंच लाकडी ओट्यावर बसून चांदण्यात रानडुकरांची वाट बघतात, ५६ भागिले ८ म्हणजे ७ ची टिकली, म्हणून तो आकार. दिवसभर चालत फिरणाऱ्याने तो गळ्यात बांधून घेऊ नये.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, बाबांसोबत पहिल्यांदा खारींच्या सीझनला जाणार आहे. .२२ रायफल आहे. बाबा म्हणतात त्यांचा जुना ४×३२ मोठ्या रायफलीवरचा आहे तो लाव. चालेल का?

अगं लाव की, फक्त एक गोष्ट समजून घे. मोठ्या रायफलीचे स्कोप १०० किंवा १५० यार्डांसाठी जुळवलेले असतात, .२२ चे साधारण ५०-६० साठी. त्या जुळवलेल्या अंतरापासून दूर असलीस आणि डोळा अगदी मधोमध नसला, की फुली सावजावर सरकल्यासारखी वाटते. करून बघ, रायफल रिकामी करून वाळूच्या पिशवीवर ठेव, २५ यार्डांवर कागद लाव, आणि रायफलीला हात न लावता नुसतं डोकं वरखाली कर, फुली कागदावर फिरताना दिसेल. १०० ला जुळवलेल्या ३२ मिलीमीटरच्या स्कोपमध्ये ही चूक वाईटात वाईट अर्ध्या इंचापर्यंत जाते. हरणाला अर्ध्या इंचाचं काही नाही, खारीच्या डोक्याला आहे. रोज त्याच जागी गाल टेकवायची सवय लागली तर बाबांचाच स्कोप झकास चालेल, नाहीतर .२२ साठीचा ४ पॉवरचा फार महाग नसतो, वाढदिवसाला माग.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. स्कोप घेऊ की आधी रायफल?

आधी शिकारीचा परवाना! नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली तर अपवादही संपतो. हे मासिकातल्या काकाला नाही, वकिलाला विचारायचं काम आहे.

प्रश्न : मी पुण्यात असतो, गावी शेत आहे, डुकरांचा फार त्रास. एअर रायफलवर कुठला फिक्स स्कोप बसवू म्हणजे रात्रीचं काम होईल?

काम होणार नाही आणि मी मदतही करणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, डुकराचा बंदोबस्त हवा असेल तर वनखात्याकडे अर्ज, नुकसानभरपाईचा पंचनामा, हाच रस्ता. आणि एअर रायफलचा छर्रा डुकराला मारत नाही, जखमी करतो, मग तो तुमच्याच शेतात सडतो किंवा तुमच्याच गड्याच्या अंगावर येतो.

कागदावर नेमबाजी करायची असेल तर सांगतो. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात भल्या भल्या रायफलींचे महागडे स्कोप आतून सुटतात, म्हणून एअरगनसाठीच बनवलेला ४×३२ घ्या, जो दहा मीटरपर्यंत जुळवता येतो. माझ्या भाच्याने पुण्यात असाच एक भलताच स्कोप बसवला होता, दोन आठवड्यांत आतली फुली आडवी झाली, आणि हा महिनाभर मान तिरकी करून नेम धरत होता.